ओळखीचा चेहरा आणि आपले औषध

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी निगडित असलेल्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी जनतेसाठी एक निवेदन प्रसिद्ध केले. इतक्या मोठ्या संख्येने तज्ज्ञ एकत्र येऊन सर्वसामान्यांना उद्देशून काही सांगतात, असा प्रसंग क्वचितच येतो. निमित्त होते एका पत्रकार परिषदेचे. माजी क्रिकेटपटू आणि राजकीय नेते नवज्योतसिंग सिद्धू यांनी आपल्या पत्नी चौथ्या टप्प्यातील कर्करोगातून बऱ्या झाल्याचे तीत सांगितले आणि त्याचे मोठे श्रेय आहाराला दिले. लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पाने, साखर व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य, दोन जेवणांत दीर्घ अंतर, असा तो आहार होता. त्या भाषणाची चित्रफीत पाहता पाहता देशभर फिरली.

डॉक्टरांच्या निवेदनाचा आशय स्पष्ट होता. अशा आहाराने कर्करोग बरा होतो असे म्हणण्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही. सिद्ध झालेले उपचार लांबणीवर टाकू नका. लक्षणे दिसताच डॉक्टरांना, शक्यतो कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. संबंधित रुग्णावर शस्त्रक्रिया व केमोथेरपीचे उपचार झालेले होते, याकडेही टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी लक्ष वेधले. काही दिवसांतच सिद्धू यांनीही खुलासा केला की, तो आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचारांना पूरक म्हणूनच घेतलेला होता.

या प्रसंगात कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पत्नी मृत्यूच्या दारातून परत आल्याचा पतीचा आनंद खराच होता. परंतु त्या आनंदाच्या भरात उच्चारलेली वाक्ये ज्या वेगाने घरोघरी पोहोचली, त्या वेगाने नंतरचा खुलासा पोहोचला नाही. खुलाशाच्या वाट्याला असे नेहमीच होते.

प्रसिद्ध व्यक्तींचा आणि प्रसारमाध्यमांचा समाजावरील प्रभाव हा विषय निघाला की बहुधा चर्चा होते ती तरुणांची. त्यांच्या केशरचनेची, कपड्यांची, भाषेची. ज्येष्ठांच्या बाबतीत हा प्रभाव अधिक खोल असतो आणि तो थेट औषधांच्या डब्यापर्यंत पोहोचतो. ज्या व्यक्तीला आपण आयुष्यात एकदाही भेटलेलो नाही, तिच्या शब्दावर आपण रोजची गोळी का थांबवतो? आणि अशाच एखाद्या व्यक्तीच्या शब्दाने कोणाचा जीव वाचतो, तो कसा? या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्र केला, तरच घरात उपयोगी पडेल असे उत्तर हाती लागते.

पडद्यापलीकडचे नाते

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. दूरचित्रवाणीवरील व्यक्ती आपल्या डोळ्यांत पाहून, आपल्याशीच बोलते आहे असे प्रेक्षकाला वाटू लागते आणि हळूहळू एक नाते तयार होते. हे नाते एकतर्फी असते. प्रेक्षक त्या व्यक्तीला ओळखतो. ती व्यक्ती प्रेक्षकाला ओळखत नाही. तरीही मनाला मिळणारी जवळीक खरी असते.

आपल्याला याची उदाहरणे परदेशांतून आणावी लागत नाहीत. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका सुरू झाली की रस्ते ओस पडत आणि कित्येक घरांत दूरचित्रवाणी संचाला हार घातला जाई. त्यातील कलाकारांना लोक खरोखरीच्या भक्तिभावाने नमस्कार करीत. याच्या अगदी उलट अनुभव निळू फुले यांचा. पडद्यावर त्यांनी रंगवलेल्या बेरकी सरपंच-पाटलांचा धसका बायकांनी इतका घेतला होता की, प्रत्यक्षातही त्यांना पाहून त्या बिचकत. वस्तुतः निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेले, सामाजिक चळवळींत मनापासून वावरणारे गृहस्थ होते. भूमिका आणि माणूस यांतील सीमारेषा पुसली जाते ती अशी. मग नायक सांगतो ते खरे आणि खलनायक दिसतो तो वाईट, असे मन परस्पर ठरवून टाकते.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. एखाद्या माणसाच्या एका गुणाने आपण भारावलो की त्याच्या इतर गुणांविषयीही आपले मत आपोआप चांगले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये या प्रवृत्तीला ‘हेलो इफेक्ट’, म्हणजे वलयाचा परिणाम, असे नाव दिले. उत्तम फलंदाज असणे आणि मधुमेहाची जाण असणे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे विचारले तर कोणीही मान्य करील. पण ऐकताना ते ध्यानात राहत नाही. डॉ. श्रीराम लागू हे खरोखरच कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. जाहिरातीत पांढरा कोट घालून दंतमंजनाची वा चूर्णाची शिफारस करणारा प्रत्येक चेहरा मात्र तसा नसतो.

उतारवयात हे नाते अधिक घट्ट होण्याला सबळ कारणे आहेत. नोकरी संपते, मित्रमंडळ विरळ होत जाते, गुडघे कुरकुरू लागले की बाहेर पडणे कमी होते. मुले दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या देशात असतात. अशा घरात सकाळ-संध्याकाळ नियमाने येणारा आवाज असतो तो दूरचित्रवाणीचा आणि आता मोबाइलचा. डॉक्टरांकडे रांगेत तासभर बसून पाच मिनिटे मिळतात. पडद्यावरील माणूस अर्धा तास शांतपणे, न कंटाळता बोलतो. ज्येष्ठ व्यक्ती भोळी असते म्हणून विश्वास ठेवते, असा समज करून घेणे अन्यायाचे आहे. जिथे वेळ आणि आपुलकी मिळते, तिथे विश्वास बसतो, हा सर्वच वयांचा स्वभाव आहे.

दोन थेंबांची पुण्याई

या विश्वासाचे सोने कसे करता येते, याचे आपल्या देशातील सर्वांत उजळ उदाहरण पोलिओ निर्मूलनाचे आहे. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले होते; जगातील एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे. १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू होती, तरी काही भागांत लशीविषयी संशय आणि अफवा होत्या. युनिसेफच्या वतीने अमिताभ बच्चन यांनी ‘दो बूंद जिंदगी की’ हे आवाहन घरोघरी पोहोचवले. त्यांतील काही जाहिरातींत ते प्रेक्षकांवर चक्क रागावत. घरातील वडीलधाऱ्याने दटावावे तसा तो राग होता आणि तो लोकांच्या मनाला लागला.

२०१० मध्ये रुग्णसंख्या ४२ वर आली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला झालेला पोलिओ हा देशातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

हे यश एका अभिनेत्याचे नव्हे, हे सांगणे येथे आवश्यक आहे. उन्हातान्हात शीतपेटी खांद्याला अडकवून घरोघरी फिरलेल्या लाखो स्वयंसेवकांचे, परिचारिकांचे, स्थानिक धर्मगुरूंचे आणि शिक्षकांचे ते यश आहे. प्रसिद्ध चेहऱ्याने केले ते एवढेच, की दार उघडायला लावले. दारात उभी होती ती सिद्ध झालेली लस आणि ती देणारी प्रशिक्षित व्यक्ती. चेहऱ्यामागे शास्त्र होते आणि आवाहनापाठोपाठ सेवा होती. या दोन गोष्टी असल्या की प्रसिद्धी लोकहिताची ठरते. त्या नसतील, तर तीच प्रसिद्धी रित्या हाताने दार ठोठावते, किंवा दारात भलताच माणूस उभा असतो.

आजार बोलून दाखवण्याचे धैर्य

प्रसिद्ध व्यक्तींनी केलेला दुसरा मोठा उपकार म्हणजे, त्यांनी आजाराभोवतीची लाज कमी केली. आपल्याकडे एके काळी कर्करोगाचे नावही घरात मोठ्याने घेतले जात नसे. ‘तो आजार’ एवढेच म्हणत. क्षयरोगी व्यक्ती घरात आहे, हे शेजाऱ्यांपासून लपवले जाई. त्या पार्श्वभूमीवर अमिताभ बच्चन यांनी आपल्याला क्षयरोग होऊन गेला असल्याचे आणि १९८२ मधील ‘कुली’च्या अपघाताच्या वेळी मिळालेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाल्याने यकृताचा सुमारे पाऊण भाग निकामी झाल्याचे जाहीरपणे सांगितले. युवराजसिंग यांनी २०११ चा विश्वचषक गाजवल्यानंतर लगेचच केमोथेरपी घेतली आणि टक्कल पडलेल्या डोक्याने ते लोकांसमोर आले. सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये आपला कर्करोग आणि कापलेले केस दोन्ही उघडपणे दाखवले. त्याआधी २०१५ मध्ये दीपिका पदुकोण यांनी नैराश्याविषयी बोलताना सांगितले की, काहीतरी गंभीर बिघडले आहे हे प्रथम त्यांच्या आईच्या ध्यानात आले. काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने मनात जपून ठेवावे असे हे वाक्य आहे. जवळच्या माणसाचे लक्ष हीच अनेकदा पहिली तपासणी असते.

ज्येष्ठांच्या दृष्टीने आणखी एक घटना महत्त्वाची आहे. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी देशवासीयांना स्वहस्ते पत्र लिहून आपल्याला अल्झायमर झाल्याचे कळवले. विस्मरणाचा हा आजार म्हणजे ‘म्हातारचळ’ नव्हे आणि तो होणे ही नामुष्कीही नव्हे, ही गोष्ट त्या एका पत्राने असंख्य कुटुंबांना समजली.

अशा घोषणांचा परिणाम मोजलाही गेला आहे. मे २०१३ मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी एका वृत्तपत्रीय लेखात लिहिले की, आपल्यात बीआरसीए-१ या जनुकातील दोष आढळल्याने आपण दोन्ही स्तन शस्त्रक्रियेने काढून घेतले. त्यांच्या आईचे कर्करोगाने ५६ व्या वर्षी निधन झाले होते. लेखानंतरच्या १५ कामकाजी दिवसांत अमेरिकेत या जनुकीय चाचण्यांचे प्रमाण, आधीच्या १५ दिवसांच्या तुलनेत, ६४ टक्क्यांनी वाढले. मात्र पुढील काही महिन्यांत स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढले नाही. याचा एक अर्थ असा लावला गेला की, चाचणीसाठी धावलेल्या अनेक स्त्रियांना मुळात तो धोका फारसा नव्हताच. स्तनांच्या कर्करोगापैकी केवळ ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. बातमी सर्वांना सारखीच ऐकू येते. गरज मात्र प्रत्येकाची निराळी असते.

दुसरे उदाहरण भारताशी जोडलेले आहे. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील जेड गुडी २००८ मध्ये ‘बिग बॉस’मध्ये सहभागी झाली असतानाच तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे तिला कळवण्यात आले. ती मायदेशी परतली आणि २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, तिचे निधन झाले. त्या सुमाराच्या एका वर्षात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा ४ लाखांहून अधिक स्त्रिया गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी आल्या. पुढे मात्र ती लाट ओसरली. बातमी जुनी झाली की भीतीही विसरली जाते. आजार मात्र विसरत नाही. म्हणून बातमीने सुरू झालेली गोष्ट सवयीने आणि नियमित तपासणीने पुढे चालवावी लागते.

तोच चेहरा, दुसरी वस्तू

आता नाण्याची दुसरी बाजू. पोलिओच्या लशीसाठी ज्यांच्या शब्दाने दारे उघडली, तेच अमिताभ बच्चन पुढे एका पानमसाल्याच्या नाममुद्रेच्या जाहिरातीत दिसले. टीका झाल्यानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये, आपल्या वाढदिवशी, त्यांनी त्या करारातून माघार घेतल्याचे जाहीर केले आणि घेतलेले मानधनही परत केले. ही छुपी जाहिरात ठरते याची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनीही अशाच एका वेलचीच्या जाहिरातीबद्दल चाहत्यांची क्षमा मागितली. तंबाखूच्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे. म्हणून तेच नाव वेलचीच्या वा सुपारीच्या पाकिटावर छापून लोकांच्या नजरेसमोर ठेवायचे, अशी ही रीत आहे.

याउलट सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण पाहावे. तंबाखू आणि मद्य यांच्या जाहिराती करायच्या नाहीत, असा शब्द त्यांनी आपले वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांना दिला होता. १९९६ च्या सुमारास सहकाऱ्यांच्या बॅटवर सिगारेट कंपन्यांची नावे झळकत असताना त्यांची बॅट कोरी होती. वडिलांचे एक वाक्य कोट्यवधी रुपयांहून जड ठरू शकते, हे वडीलधाऱ्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

प्रत्येकाकडून अशा निग्रहाची अपेक्षा करता येत नाही, म्हणून कायदा लागतो. ‘औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ १९५४ पासून अस्तित्वात आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब, पक्षाघात, मोतीबिंदू, बहिरेपणा, संधिवात अशा ५४ विकारांची यादी त्यात असून, ते बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. म्हणजे ‘मधुमेह मुळासकट घालवा’ अशी जाहिरात दिसली, तर ती दिसणे हाच तिच्याविषयीचा पहिला पुरावा समजावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाबरोबरच शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तिला एक वर्षापर्यंत आणि पुनरावृत्तीनंतर तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास बंदी घालता येते. दाव्याची पुरेशी खातरजमा केली असेल, तर मात्र ती व्यक्ती यातून सुटते. ऑगस्ट २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आरोग्याचे सल्ले देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी आपले म्हणणे वैद्यकीय सल्ल्याचा पर्याय नाही, हे स्पष्ट सांगणे अपेक्षित आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

जे बोललेच गेले नाही

गेल्या काही वर्षांत या विषयाला एक नवे आणि अधिक चिंताजनक वळण मिळाले आहे. संगणकाच्या साहाय्याने एखाद्याचा चेहरा आणि आवाज हुबेहूब उतरवून त्याच्या तोंडी वाटेल ते घालता येते. याला ‘डीपफेक’ म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका मोबाइल खेळाची शिफारस करीत असल्याची चित्रफीत पसरली. ती बनावट असल्याचे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले. आयुष्यभर जपलेला शब्द असा परस्पर वापरला गेला. याच पद्धतीने नामांकित डॉक्टरांचे चेहरे लावून सांधेदुखीची आणि मधुमेहाची ‘औषधे’ही विकली जातात.

आजवर ज्येष्ठांची एक कसोटी असे: मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले. ती कसोटी पडद्यापुरती तरी आता पुरेशी राहिलेली नाही. ओळखीचा चेहरा कधीही न केलेला दावा करू लागला, ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ अशी घाई करू लागला आणि लगेच पैसे पाठवण्यास सांगू लागला, तर तिथेच थांबावे. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर कळवावे. फसवणूक करणारे सराईत असतात. फसले गेल्याची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही.

घरात काय करावे

कोणाचेही आरोग्यविषयक आवाहन ऐकले की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: ही व्यक्ती स्वतःचा अनुभव सांगत आहे, मोबदला घेऊन बोलत आहे, की हे तिचे बोलणेच नाही? स्वानुभव असला तरी तो एका शरीराचा अनुभव असतो, हे विसरू नये.

दुसरा प्रश्न: ती काय करायला सांगत आहे? ‘तपासून घ्या, डॉक्टरांना भेटा, लपवू नका’ असे सांगत असेल, तर तो सल्ला सहसा निर्धोक असतो. ‘हे घ्या, ते बंद करा, डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत’ असे शब्द कानी पडले, तर सावध व्हावे. प्रसिद्ध व्यक्तीने आपल्याला दवाखान्याच्या दारापर्यंत जरूर न्यावे. औषधाची चिठ्ठी मात्र तिने लिहू नये.

तिसरा प्रश्न: माझे वय, माझे आजार आणि माझी औषधे यांना हे मानवेल का? या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि सर्वाधिक अपायही इथेच होतो. काही उदाहरणे पाहू. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठाने एखाद्या अभिनेत्याचे पाहून दीर्घ उपवास सुरू केला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. उतारवयात त्याचे लक्षण घाम सुटण्याऐवजी गोंधळलेपणा, तोल जाणे किंवा पडणे असेही असू शकते. भाजीतील हळद निराळी आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या निराळ्या; रक्त पातळ करणारे औषध सुरू असताना अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. गुडघेदुखीवर दोन दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या, नावगाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि औषध एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. दुधी भोपळ्याच्या रसाची मोठी लाट येऊन गेली. कडू लागणारा असा रस विषारी असू शकतो, अगदी मृत्यूही ओढवू शकतो, असा इशारा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दिला होता. रस कडू लागला, तर तो टाकून द्यावा. औषध म्हणून घशाखाली ढकलू नये.

यासाठी घरात एक साधी वही ठेवावी. डाव्या पानावर सध्याची सर्व औषधे, त्यांच्या मात्रा आणि वेळा लिहाव्यात. पडद्यावर जे काही ऐकून करून पाहावेसे वाटेल, ते उजव्या पानावर तारखेसह लिहावे. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. ऐकलेली गोष्ट करून पाहण्यापूर्वी लिहून ठेवली, की तेवढ्या विलंबानेच निम्मी घाई ओसरते. आधीपासून चूर्ण, काढा किंवा अर्क सुरू असेल, तर तोही न लपवता त्यात लिहावा.

काळजी घेणाऱ्यांनी एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. ‘तुम्हाला काय कळतंय यातलं’, ‘असल्या व्हिडिओंवर कसला विश्वास ठेवता’ अशी वाक्ये टाळावीत. उपहासाने विश्वास जात नाही. तो फक्त लपून बसतो आणि पुडी उशीखाली जाते. वडीलधाऱ्यांच्या अशा खरेदीमागे पुष्कळदा एक न बोललेली इच्छा असते. औषधांचा खर्च कमी व्हावा, मुलांना आपल्यापायी रजा घ्यावी लागू नये, पुन्हा स्वतःच्या पायांवर बाजारात जाता यावे, हीच ती इच्छा. ती ओळखून बोलावे. ‘बाबा, गुडघ्याचं दुखणं फार वाढलंय का? हे चूर्ण आपण घेऊ, पण आधी डॉक्टरांना दाखवू. मी येतो तुमच्याबरोबर.’ किंवा ‘आई, तुम्ही पाहिलात तो कार्यक्रम मलाही दाखवा ना, आपण दोघी मिळून पाहू.’ अशा दोन वाक्यांत विरोध नाही, सोबत आहे. पडद्यावरील माणूस जो वेळ देतो, तो वेळ घरच्यांनी दिला, तर त्या पडद्याची पकड आपोआप सैल होते.

आपणही कोणाच्या तरी नजरेत आहोत

प्रभाव टाकण्यासाठी चित्रपटात झळकावेच लागते असे नाही. गल्लीतील निवृत्त मुख्याध्यापक, ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षा, सकाळच्या फिरण्यातील सर्वांत बोलका सोबती यांचा शब्दही तितकाच चालतो. कट्ट्यावर कोणी म्हणाले, ‘मी रक्तदाबाची गोळी सोडली, काही होत नाही,’ तर ते ऐकून आणखी दोघे सोडतात. आणि कोणी कानाला यंत्र लावून हसतमुखाने आले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेऊन पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले, तर इतकी वर्षे टाळाटाळ करणारे दोघे-तिघे त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतात. चार चौघांत सांगताना ‘मला बरे वाटले’ एवढ्यावर न थांबता ‘तुम्ही मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या’ हे वाक्य जोडावे. घराच्या चार भिंतींत आजी-आजोबांचा चेहरा हाच सर्वांत ओळखीचा चेहरा असतो. त्यांनी तंबाखूची डबी कायमची दूर ठेवली, तर नातवाला त्यासाठी कोणा नायकाची जाहिरात पाहावी लागत नाही.